एक प्रकरण पुढे

पुस्तकाच्या दुकानातून फोन आला तो समर्थच्या नंबरवर. तो नंबर बंद करणं अजून कुणाच्या हातून झालं नव्हतं. बाबा रोज सकाळी कात्रजच्या डेअरीत कामाला निघायच्या आधी तो फोन चार्जिंगला लावत आणि मग चपला घालत. पूर्वाने फोन उचलला. राखून ठेवायला सांगितलेलं पुस्तक आलंय, लवकर घेऊन जा, नाहीतर दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊन टाकू, एवढं सांगून समोरच्याने ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर ती कर्वेनगरहून स्कूटरने सदाशिव पेठेत गेली. दुकान एका क्लासच्या जिन्याखाली होतं. काउंटरमागच्या गृहस्थांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. पुस्तक समर्थच्या नावावर आहे, ज्याने नोंदवलं त्यालाच पाठवा, आमच्याकडे पद्धत आहे तशी, असं त्यांनी तिला सुनावलं.

"तो नाही येऊ शकणार," पूर्वा म्हणाली.

"का? अमेरिकेत गेलाय का?"

"वारला. गणपतीत."

गृहस्थांनी पुस्तक कागदी पिशवीत घातलं, पुन्हा बाहेर काढलं, त्यावर डकवलेली समर्थच्या नावाची चिठ्ठी नखाने सोलून काढली आणि मग परत घातलं. पूर्वा ते बघत उभी राहिली. आपल्याला आता काहीतरी वाटायला हवं, असं तिच्या मनात आलं. वाटलं काहीच नाही. समर्थदादाला ताप आला, प्लेटलेट उतरत गेल्या, आणि मांडवातल्या आरत्या हॉस्पिटलच्या खिडकीतून ऐकू येत असताना तो गेला. तेव्हापासून हे असंच होतं. जेवण गरम आहे की गार एवढं कळायचं, चव कळायची नाही.

पुस्तक इंग्रजी होतं, शाळा-कॉलेजातली मुलं वाचतात त्या विज्ञान-अद्भुताच्या एका मालिकेतलं. नाव लांबलचक होतं, म्हणून ही दोघं भावंडं घरात त्याला 'वलय' म्हणायची. एका ग्रहाभोवतीच्या कड्यावर वसलेलं शहर, आणि त्यातली इरा नावाची मुलगी, जिची सावली कड्याच्या पलीकडच्या बाजूला राहून गेलीय. एकंदर चार भाग निघायचे होते, हा तिसरा. पहिला भाग त्यांनी शाळेत असताना वाचला. दुसऱ्याच्या शेवटी इरा एका पुलाच्या मधोमध उभी होती आणि पूल दोन्ही टोकांकडून विरघळत चालला होता. तिचं पुढे काय झालं असेल यावर दोघांनी जेवणाच्या टेबलावर इतके वाद घातले होते, की बाबा ताट उचलून टीव्हीसमोर जाऊन बसायचे. आई म्हणायची, कसली ती भुतं आणि कसली ती यंत्रं, आमटी गार होतेय.

प्रत घरात एकच यायची. आधी दादा वाचायचा, पण एकच प्रकरण. मग पूर्वाने तेवढं वाचायचं आणि तिचं झालं की त्याने पुढचं. तो कायम एक प्रकरण पुढे असायचा आणि तिथे पानाचा खालचा कोपरा दुमडून ठेवायचा. जग वरचा कोपरा दुमडतं, हा खालचा. पूर्वाला पुस्तक दुमडलेलं खपायचं नाही, त्यावरून भांडणं व्हायची. पण ती वाचत असली की तो समोर येऊन बसायचा आणि तिच्या तोंडाकडे टक लावून बघायचा. काय घडणार ते त्याला ठाऊक असायचं. ते तिला कधी कळतंय, ते त्याला तिच्या चेहऱ्यावर बघायचं असायचं.

घरी येऊन तिने पुस्तकावरचं प्लास्टिक फाडलं. कोऱ्या कागदाचा आणि खळीचा वास आला. तिने उभ्याउभ्याच पहिलं प्रकरण वाचून काढलं. इरा पुलावरून पडली नव्हती. पूल विरघळला आणि ती तशीच हवेत उभी राहिली होती. पूर्वाने दुसऱ्या प्रकरणाची पानं किती आहेत ते बघायला पुस्तक चाळलं. त्या प्रकरणाच्या शेवटच्या पानाचा खालचा कोपरा दुमडलेला होता.

बांधणीत होतं असं कधीकधी. पूर्वा संख्याशास्त्र शिकत होती, अशा एका कोपऱ्याला काही अर्थ नसतो हे तिला कळत होतं. तिने तो अंगठ्याने दाबून सपाट केला. घडीची रेघ मात्र राहिली.

दुसरं प्रकरण वाचून झालं, आणि तिसऱ्याच्या शेवटी कोपरा दुमडलेला मिळाला. तो आधी नव्हता. पहिल्या घडीनंतर तिने सगळं पुस्तक खालून बोट फिरवून तपासलं होतं.

मग तिने ते कॉलेजच्या लॉकरमध्ये ठेवलं. किल्ली स्वतःजवळ ठेवली. तिसरं प्रकरण कँटीनमध्ये बसून वाचलं, पुस्तक परत कुलपात टाकलं, आणि सकाळी उघडून पाहिलं तर चौथ्याच्या शेवटी कोपरा दुमडलेला. ती दोन दिवस वाचायची थांबली. तेव्हा घडीही थांबली. तिने पुढचं प्रकरण संपवलं की घडी पुढे सरकायची, तेवढीच, एका प्रकरणाने.

भीती वाटली नाही. भीती वाटावी एवढंही आत काही जागं नव्हतं. फक्त वाचताना ती पुस्तकावरून नजर वर काढेनाशी झाली. समोरच्या खुर्चीकडे बघायचं ती टाळत होती. तिथे कुणी असेल म्हणून नव्हे. तिथे कुणी नसेल म्हणून.

हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं घर राहिलं नव्हतं. आई दिवसभर दादाच्या खोलीत कॉटवर भिंतीला टेकून बसून असायची. केस विंचरायची नाही. ताट पुढे ठेवलं तर दोन घास खायची आणि हात पाण्यात धरून विसरून जायची. स्वयंपाकाला सोजरबाई म्हणून धायरीच्या एक बाई येऊ लागल्या होत्या. सदाशिव पेठेतले डॉक्टर गोळ्या देत होते. बाबा आईला रिक्षातून न्यायचे आणि आणायचे.

तिसऱ्या भागाचं शेवटचं प्रकरण राहिलं तेव्हा पूर्वाने वाचणं थांबवलं. हे संपलं की तोही संपेल, असा साधा हिशोब होता. तिने पुस्तक घरी आणलं, दादाच्या टेबलावर ठेवलं आणि त्याला हात लावायचा नाही असं ठरवलं.

थंडी पडायला लागली होती. एका रविवारी जेवताना आईने आपणहून भाजी मागितली. बाबांचा हात घासासकट थांबला. सोजरबाईंनी वांग्याची भाजी वाढली. आईने ती चवीने खाल्ली, आणि पूर्वाकडे बघून म्हणाली, "पण त्या मुलीने सावली परत घ्यायला नको होती. सावलीला तिकडे करमलं होतं."

पूर्वाने विचारलं, कोणती मुलगी.

"अगं, इरा. तुमच्या त्या पुस्तकातली."

आईचं शिक्षण मराठी शाळेत झालेलं. दुकानांच्या पाट्या आणि औषधांची नावं वाचण्यापुरतं इंग्रजी तिला यायचं, चारशे पानांचं पुस्तक वाचणं शक्यच नव्हतं. पूर्वाने हात धुतला, दादाच्या खोलीत गेली आणि शेवटचं प्रकरण काढून वाचलं. इराने सावली परत घेतली होती. अगदी शेवटच्या पानाचा खालचा कोपरा दुमडलेला होता.

तिने आईला जवळ बसून विचारलं, तुला हे कुणी सांगितलं. आई म्हणाली, दुपारी वाचून दाखवता की तुम्ही, मराठीत करून. छान वेळ जातो.

दुपारी पूर्वा कॉलेजात असायची. बाबा कात्रजला असायचे.

दुसऱ्या दिवशी तिने सोजरबाईंना ओट्यापाशी गाठलं आणि दुपारी घरी कुणी येतं का, असं आडून विचारलं. त्यांनी पोळी उलटली.

"मी हितंच असती की चारपर्यंत. कुणी येत न्हाई. तुमच्या आई एकल्याच बसल्याली असत्यात." मग तवा उतरवून, आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "मधी मधी हसत्यात. पर चांगलं हसत्यात, ताई. येड्यावानी न्हाई."

आई सुधारत गेली. केसांना तेल लागलं. गॅलरीतल्या तुळशीला पाणी मिळायला लागलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या लागू पडल्या. पूर्वाने एका संध्याकाळी पार्किंगमध्ये बाबांना सगळं सांगितलं, घड्यांपासून सोजरबाईंपर्यंत. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. स्कूटरची किल्ली या हातातून त्या हातात केली.

"जेवतेय ना ती?" ते म्हणाले. "मग असू दे."

चौथा आणि शेवटचा भाग उन्हाळ्यात आला. या वेळी फोन पूर्वाच्या नंबरवर आला. दुकानातल्या गृहस्थांनी पुस्तक हातात दिलं. तिने ते जिन्याखालीच उभं राहून उघडलं आणि पहिलं प्रकरण वाचलं. वरून क्लासमधल्या मुलांच्या बाकांचा आवाज येत होता. मग तिने दुसऱ्या प्रकरणाचा शेवट काढला.

कोपरा सरळ होता.

तिने रात्रभर वाट पाहून सकाळी पुन्हा पाहिलं. दुसरं प्रकरण वाचलं, तिसऱ्याचा शेवट काढला. तिथेही सरळ. पुस्तकभर कुठेही घडी नव्हती, चार भागांत पहिल्यांदाच. पुस्तक नीट राहावं म्हणून ती त्याच्याशी इतकी वर्षं भांडली होती, आणि आता ते कोरं पुस्तक मांडीवर घेऊन ती बसून राहिली.

पुस्तक ती दप्तरात घेऊन फिरत होती. घरी एकदाही बाहेर काढलं नव्हतं. तरीही चार दिवसांनी भेंडी निवडता निवडता आईने तिला सांगितलं, की इरा म्हातारी होते. शहर कड्यावरून सुटून एकटंच पुढे जातं आणि इरा मागे राहते, पण आनंदात असते. शेवट चांगला केलाय, आई म्हणाली. तिच्या गालांवर रंग आला होता. ती दादाच्या आजारपणाच्या आधीपेक्षाही चांगली दिसत होती.

पूर्वाचं निम्मं पुस्तक राहिलं होतं. तिने ते त्याच दिवशी वाचून काढलं, बसमध्ये, मग लायब्ररीत. सगळं आई म्हणाली होती तसंच होतं. शेवटच्या पानावर मालिका इथे संपली असं छापलेलं होतं, आणि लेखिकेने वाचकांचे आभार मानून आपण यापुढे या शहराबद्दल काही लिहिणार नाही असं स्पष्ट म्हटलं होतं.

आता काय, याची मात्र तिला भीती वाटली. किती तरी महिन्यांनी काहीतरी वाटलं, ते हे. वाचायचं संपलं की आई पुन्हा भिंतीला टेकणार, पुन्हा हात पाण्यात धरून विसरणार. तिने शेवटची दोन लेक्चरं सोडली आणि दुपारी चारच्या सुमारासच घरी आली.

सोजरबाई पिशवी घेऊन निघतच होत्या. सगळं ठीक आहे, असं त्यांनी मानेने सांगितलं.

दादाच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आई कॉटवर मांडी घालून बसली होती, हात मांडीत, मान थोडी कलती. समोर टेबलाची खुर्ची होती. पंखा फिरत होता. आईने पूर्वाला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"दार हळू लाव," ती म्हणाली. "पाचवा चालू झालाय."

"आई, पाचवा भाग नाहीये. संपली ती मालिका."

"छापलेला नसेल."

पूर्वा उंबऱ्यातच उभी राहिली. तिने खुर्चीकडे पाहिलं. या वेळी नीट पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

"मलाही ऐकू दे," ती म्हणाली.

आईने क्षणभर खुर्चीकडे कान दिला. मग समजूत काढल्यासारखं हसली.

"आधी माझं होऊ दे. तुमच्यात आहे ना तसं? तो, मग मी. मग तू."

पूर्वाने दार लावून घेतलं. हळूच लावलं.

ती बाहेर जमिनीवर बसली, पाठ दाराला लावून. बाबांना फोन करायला हवा होता. डॉक्टरांना करायला हवा होता. फोन हातात होता.

आतून काही ऐकू येत नव्हतं. पंख्याची घरघर, बस.

मग आईचा हुंकार आला. गोष्ट ऐकताना देतात तसा.

"हं."

थोडा वेळ काही नाही.

"हं."

पूर्वा त्या दोन हुंकारांमधल्या शांततेत कान लावून बसली. पुन्हा तेवढाच वेळ गेला. कुणीतरी एक वाक्य पुरं करावं, तेवढा. आणि ते वाक्य कुठे संपलं ते तिला कळलं.

"हं," आतून आई म्हणाली.

"हं," बाहेर पूर्वा म्हणाली, त्याच क्षणी.