शिवणीतली माया

त्याच्या दुकानात मी पहिल्यांदा शिरले ती पिन मागायला. समोरच्या हॉस्पिटलच्या जिन्यावर माझ्या ब्लाउजची पिन निसटली होती, आणि ब्लाउज खांद्यावरून घसरत होता... मावशीचा जुना मखमली ब्लाउज, कोपरापर्यंत बाह्या, गळ्याला जर. तपासणीला जाताना मी तोच घालायचे. आजारी माणसाने गबाळंच राहावं, असं मला कुणी सांगितलेलं नाही.

दुकानभर बायकांचे ब्लाउज टांगलेले. काही जुन्या काळातले, काही त्यांच्याच नमुन्यावर नव्याने शिवलेले. मधोमध तो मशीनवर, दातांत दोरा धरून.

"पिन आहे?"

"आहे. पण देणार नाही," तो म्हणाला. "या मखमलीला भोकं पाडता? स्वेटर आहे ना जवळ? तो घाला पडद्यामागे, आणि हा इकडे द्या. दोन्हीकडून आत घेतो."

"आगाऊच आहात."

"सगळे तेच म्हणतात."

मी पडद्यामागून ब्लाउज पुढे केला. "जादा कापड कापून टाका. टोचतं."

"माया कापत नाहीत," तो म्हणाला.

शिवणीच्या आत राखलेल्या कापडाला माया म्हणतात, हे मला ठाऊक होतं. पण त्या दिवसांत तो शब्द ऐकला तरी डोकं फिरायचं. भेटायला येणारा जो तो माया दाखवून, सफरचंदं ठेवून पळायचा.

"उद्या अंग भरलं तर? उसवून सैल करायला नको?"

"उद्या?" मला हसू आलं. ते ऐकून मशीन थांबलं असावं. मग मी सांगूनच टाकलं... रक्ताचा आजार, औषधं, उतरत चाललेलं वजन.

यावर लोक म्हणतात, होईल सगळं नीट. तो म्हणाला, "मग हुकांची जागाही बदलावी लागेल. पुढच्या खेपेला आणा."

तिथेच तो मला आवडला. खोटं कशाला बोलू?

मग प्रत्येक तपासणीनंतर माझी चक्कर ठरलेली. तो माप घ्यायचा, टेप अंगाला जेमतेम टेकवून. आकडा मात्र ओठांतल्या ओठांत.

"मोठ्याने सांगा की."

"तुम्हाला काय करायचंय? शिवायचं मला आहे."

हॉस्पिटलात सगळे मला आकडेच ऐकवायचे. हा एकटा गिळून टाकायचा.

"त्या शिंप्याकडे एवढं काय काम असतं गं?" आईने एकदा विचारलं.

"आत घ्यायचाय."

"ब्लाउजच ना?" आई म्हणाली. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघी हसलो.

आणि मग ती दुपार आली. औषध लागू पडत नाहीये, डॉक्टर म्हणाले. आणखी एक जोरकस देऊन बघू... खात्री नाही.

मी तडक दुकानात गेले. पडद्यामागे स्वेटर चढवला आणि ब्लाउज हातात घेऊन नुसती बसून राहिले. सहज तो उलटा झाला, आणि आत पाहिलं तर माया तशीच. दर खेपेची, घडीवर घडी, जाडजूड. मला टोचू नये म्हणून वरून मऊ सुती पट्टी लावलेली. मला रडू आवरेना.

बाहेर येऊन मी ब्लाउज त्याच्यापुढे धरला. "हे काय करून ठेवलंत?"

"सांगितलं होतं, कापत नाहीत."

"सगळ्या गिऱ्हाइकांचं असंच करता?"

"नाही." त्याने मान खाली घातली. "फक्त तुझं."

मला 'तू' म्हणाला... त्याच्याही लक्षात आलं, पण त्याने शब्द मागे घेतला नाही.

"औषध लागू पडत नाहीये," मी म्हटलं. "कशाला जीव लावता मला?"

"मी कुठे लावला? लागला," तो म्हणाला. "आता काय करू, ते तूच सांग."

मी नुसते हात बाजूला केले, मापाला उभी राहते तशी. त्याने टेप लावली, पण त्याला आकडा दिसेना, डोळे भरून आले होते. मग मीच खाली वाकून पाहिला आणि वाचून दाखवला, मोठ्याने.

"आत घे," मी म्हटलं. "पण कापू नकोस हं काही."