तिसरं परीक्षण

"हे मी लिहिलंय," हेमांगी तांडेल म्हणाली आणि वर्तमानपत्राचं कात्रण तिने टेबलावर आपटलं. "वाचा. मोठ्याने वाचा."

डॉ. प्रभंजन वाळिंबे दचकले. कोल्हापूरबाहेरच्या टेकडीवरच्या त्या प्रयोगशाळेत त्यांच्याशी या सुरात कुणी बोलत नसे. समोरची बाई पन्नाशीची, उभ्या अंगाची, आंबा घाटातून सलग गाडी हाकत आल्यामुळे केस विस्कटलेली. त्यांनी निमूटपणे कात्रण उचललं.

"'काळ्या शिडाचं गलबत' हा समुद्री चाच्यांचा चित्रपट सहा वर्षांपुढच्या कुठल्याही मुलाला निर्धास्त दाखवावा. कप्तान वादळे डोलकाठीवरून दोरीला लटकत येतो, तलवार गरागरा फिरवतो आणि दर वेळी स्वतःचीच विजार फाडून घेतो. रक्ताचा थेंब नाही, भीतीचा लवलेश नाही. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्या घराने मिळून बघावा असा..."

"पुरे," हेमांगी म्हणाली. "तेवीस वर्षं मी रत्नागिरीच्या 'किनारा'मध्ये मुलांच्या चित्रपटांची परीक्षणं लिहितेय. आमच्याकडे आईबाप आधी मला वाचतात, मग तिकीट काढतात. परवा मला नसीम मुकादमचा फोन आला. बालवाडीत शिकवते ती. नवरा जहाजावर असतो. माझं परीक्षण तिने वाचलं नव्हतं. शेजाऱ्यांबरोबर सहज गेली, सात वर्षांच्या अलिनाला घेऊन. आज पाच दिवस झाले, ती पोर बोलत नाही. पाण्याची बादली बघितली तरी किंचाळते. काल एवढंच म्हणाली, अब्बूला फळीवरून समुद्रात ढकललं. तो मला हाका मारत होता."

वाळिंब्यांनी कात्रणाची घडी घातली.

"माझ्या चित्रपटात फळी नव्हती, डॉक्टर. ढकलणं नव्हतं. तिच्या आईच्याही नव्हतं; ती शेजारच्या खुर्चीत बसून हसत होती. तुमच्या जाहिरातीत लिहिलंय, प्रत्येकाच्या चष्म्यात समुद्राचा रंग वेगळा, विनोद वेगळे. रंग आणि विनोद. मग हे काय आहे?"

वाळिंब्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग खुर्ची ओढून तिला बसायची खूण केली. ती बसली नाही.

"जाहिरात मी लिहिली नाही," ते म्हणाले. "प्रतिसादपट म्हणजे रंग बदलणं नव्हे. चित्रपट आधी तयार करून ठेवलेलाच नसतो. गलबत असतं, कप्तान असतो, समुद्र असतो. पुढचं सगळं मी बांधलेलं कथायंत्र त्या त्या खुर्चीसाठी तिथल्या तिथे रचतं. खुर्चीच्या हातात नाडीवाचक असतो, चष्म्यात बुबुळमापक. पहिली दहा मिनिटं समुद्र शांत ठेवतात. तेवढ्या वेळात यंत्र एकच गोष्ट बघतं, हा माणूस कशाची वाट बघतोय. हसण्याची वाट बघणाऱ्याचं शरीर वेगळं असतं, भिण्याची वाट बघणाऱ्याचं वेगळं. एकदा ते कळलं की यंत्र तोच धागा ओढत राहतं."

"कशासाठी?"

"खिळणांक वाढावा म्हणून. प्रेक्षक पडद्याला किती खिळलाय, त्याचं माप. नजर हलते का, पापणी किती वेळा लवते..."

"पोर आनंदाने खिळलीय की भीतीने, ते यंत्राला कळतं?"

"नाही." वाळिंब्यांचा आवाज उतरला. "यंत्राच्या लेखी दोन्ही सारखंच. भेदरलेलं मूल पापणीसुद्धा लववत नाही. खिळणांक शंभराच्या घरात जातो."

हेमांगीने पर्समधून तिकीट काढलं. नसीमनेच दिलं होतं ते, खुर्चीचा क्रमांक स्वच्छ वाचता येत होता. "तुमच्याकडे नोंदी असतील. या खुर्चीवर काय दिसलं, ते मला बघायचंय. तिच्या आईची परवानगी लिहून आणलीय."

वाळिंब्यांनी नसीमची चिठ्ठी वाचली. मग वाळिंबे उठले. त्या खुर्चीच्या नाडीच्या आणि नजरेच्या नोंदी पुन्हा यंत्राला दिल्या, की यंत्र तेच चित्र पुन्हा रचतं, असं त्यांनी सांगितलं आणि तिच्या हातात चष्मा दिला.

पहिली दहा मिनिटं शांत समुद्र होता. लांबवर एक शीड दिसलं. वाळिंबे बाजूने हलक्या आवाजात सांगत होते, "इथे तिची नाडी वाढली. जहाज दिसलं की ही मुलगी कुणाची तरी वाट बघते." मग गलबतावर एक माणूस ओरडला. आवाज जाड होता. थोड्या वेळाने दुसरा ओरडला, जरा बारीक. मग तिसरा. हेमांगीला आधी कळेना, इतकी माणसं एकामागून एक का ओरडतायत. मग कळलं. वाद्याची तार लावतात तसं यंत्र आवाज लावत होतं. ज्या आवाजाला पोरीचं काळीज जास्त धडधडलं, त्याच्या जवळचा दुसरा. मग त्याच्याही जवळचा तिसरा. यंत्राने अलिनाच्या बापाला कधी पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं. पोरीच्या छातीच्या ठोक्यांवरून त्याने तिचा बाप हुडकून काढला होता. मग त्याचे हात बांधले, आणि कप्तान वादळे, तोच विजार फाडून घेणारा विदूषक, तलवारीच्या टोकाने त्याला फळीवरून एकेक पाऊल पुढे ढकलू लागला.

"अलू," तो माणूस म्हणाला. "अलू, बघ ना इकडे."

हेमांगीने चष्मा काढून फेकला.

"नाव कुठून कळलं त्याला?" ती ओरडली.

"नाव नाही कळलं. अक्षरं लावून बघितली त्याने. आवाज लावले तशीच."

"आणि हे तुम्ही पोराटोरांसमोर ठेवलंत! प्रमाणपत्र कुणी दिलं?"

"मंडळाचे तीन सदस्य बसले होते. तिघेही कंटाळून, चहाची वाट बघत. त्यांना जो चित्रपट दिसला, त्याला कुणीही प्रमाणपत्र दिलं असतं." वाळिंबे मान खाली घालून म्हणाले, "तपासायला आलेल्या माणसाला हा चित्रपट कधीच सापडणार नाही. तुम्हालाही सापडला नव्हता."

घाट उतरताना हेमांगीच्या डोळ्यांपुढे फक्त ती फळी होती. घरी पोचल्यावर तिने परीक्षण एका बैठकीत लिहिलं. आजवर तिने कधी असं लिहिलं नव्हतं. 'माझं आधीचं परीक्षण फाडून टाका,' तिने सुरुवात केली. यंत्र काय करतं, आवाज कसे शोधतं, प्रमाणपत्र कसं फसवं आहे, सगळं सोप्या शब्दांत मांडलं. अलिनाचं नाव तेवढं घेतलं नाही. 'तुमच्या मुलाच्या मनातली सगळ्यात मोठी भीती हा चित्रपट शोधून काढील आणि त्याच्यासमोर उभी करील,' हे शेवटचं वाक्य लिहून तिने लेखणी ठेवली, तेव्हा मन हलकं झालं होतं. मजकूर दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर आला. नसीमचा फोन आला, ती रडत होती. "मॅडम, माझ्या पोरीवर कुणीतरी विश्वास ठेवला," ती म्हणाली.

त्याच दिवशी हेमांगीने प्रमाणपत्र मंडळाकडे तक्रारही पाठवली. उत्तर तत्परतेने आलं. सदस्यांना चित्रपटात आक्षेपार्ह काही आढळलं नव्हतं. तरीही सुनावणी होईल, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. दिवाळीची सुट्टी चार दिवसांवर होती.

रविवारी सकाळी दारात वाळिंबे उभे होते. दाढी वाढलेली, हातात कागदांची गुंडाळी.

"तुमचं परीक्षण वाचूनही लोक येतायत," ते म्हणाले.

"येऊ देत. मूर्खांना कोण अडवणार? बरीच माणसं गेली नसतील ना?"

"मोठी माणसं कमी झाली. मुलं कमी नाही झाली. शाळांनी आधीच जागा घेऊन ठेवल्यायत, शिवाय मोठ्या मुलांना तर आता मुद्दाम बघायचाय." त्यांनी कागद पसरले. "पहिल्या आठवड्यात रत्नागिरीत शंभरातली तीन मुलं भेदरली होती. नागपुरात तीन, सोलापुरात चार. तुमचं दुसरं परीक्षण आल्यापासून नागपुरात तीनच आहेत, सोलापुरात चारच. तिथे 'किनारा' जात नाही. रत्नागिरीत एकेचाळीस."

हेमांगी कागदाकडे बघत राहिली. तिला आकडा कळला होता, पण त्याचा अर्थ तिला कळून घ्यायचा नव्हता.

"पहिली दहा मिनिटं," वाळिंबे म्हणाले. "मी सांगितलं होतं तुम्हाला. माणूस कशाची वाट बघत बसतो, तेच यंत्र त्याला देतं. तुमचं पहिलं परीक्षण वाचून मुलं हसायच्या तयारीने आली, म्हणून हसली. दुसरं वाचून घाबरून आली. आईचा हात घट्ट धरून, श्वास रोखून. यंत्राला आणखी काय हवं? तुम्ही परीक्षण लिहीत नाही, बाई. तुम्ही चित्रपटाची पहिली दहा मिनिटं लिहिता."

"मी खरं लिहिलं!"

"हो. आणि लिहिलंत म्हणून ते आणखी खरं झालं."

तिने कागद चुरगाळून भिंतीवर फेकले. वाळिंब्यांना तोंडाला येईल ते बोलली. तुम्ही यंत्र बांधायचं, मुलं मी भिववायची, आणि आकडे घेऊन पुन्हा माझ्याच दारात! मग वाळिंब्यांनी बाकीचं सांगितलं. यंत्रातला भीतीचा धागा बंद करा म्हणून ते कंपनीच्या मालकांकडे गेले होते. मालकांनी रत्नागिरीचा खिळणांक बघून त्यांची पाठ थोपटली होती. त्यांनी राजीनामा दिला होता; महिनाभराच्या मुदतीत नोंदी मात्र अजून त्यांच्या हाती होत्या. डिसेंबरच्या सुनावणीत सगळ्या नोंदी मंडळापुढे ठेवायचं त्यांनी कबूल केलं.

"डिसेंबर!" हेमांगी म्हणाली. "आणि तोवर?"

दोघांनाही पुढचं दिसत होतं. गुरुवारपासून जिल्ह्यातल्या बावीस शाळांची मुलं त्या खुर्च्यांवर बसणार होती.

"लोक अजून माझं ऐकतात," ती शेवटी म्हणाली. हे वाक्य तिने आयुष्यात अनेकदा अभिमानाने उच्चारलं होतं. आज तिला ते थुंकून टाकावंसं वाटलं.

सोमवारी ती 'किनारा'च्या कचेरीत गेली आणि तिने तिसरं परीक्षण संपादकांच्या पुढे ठेवलं. दिगंबर पालकर ते दोनदा वाचून खुर्चीतून उठले.

"'दुसरं परीक्षण लिहिताना माझी गफलत झाली. चित्रपट मी पुन्हा पाहिला. इतकी हसले की शेजारच्या बाईंनी मला पाणी दिलं.' हेमांगी, हे काय आहे? तीन दिवसांपूर्वी आपण पहिल्या पानावर बोंब मारली!"

"आता पहिल्या पानावर हसायचं."

"का?"

"विचारू नका. तेवीस वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलेलं नाही. हे छापा."

"लोक तोंडात शेण घालतील तुझ्या."

"घालू देत. गुरुवारच्या आत छापा."

पालकरांनी छापलं, पण त्यानंतर ते तिच्याशी नीट बोलले नाहीत. त्या परीक्षणात एकही वाक्य खरं नव्हतं, आणि हेमांगीने त्यातलं प्रत्येक वाक्य दात-ओठ खाऊन, पण घोटून घोटून गोड केलं होतं. कप्तान वादळेची फाटकी विजार, त्याची डोलकाठीवरून शिडात होणारी घसरगुंडी, आचाऱ्याने तोफेत भरलेले कांदे. वाचतानाच पोरांना हसू फुटलं पाहिजे. गुदगुल्या झाल्यासारखी ती खुर्चीत जाऊन बसली पाहिजेत.

गुरुवारी दुपारी वाळिंब्यांचा निरोप आला. रत्नागिरी, शंभरात दोन. शुक्रवारी, एक.

पत्रंही आली. एका बापाने लिहिलं होतं, 'पोरं लोळून लोळून हसली. तुम्ही उगाच घाबरवलंत. चित्रपटातलं तुम्हाला काही कळत नसेल तर लेखणी खाली ठेवा.' ते तिने दोनदा वाचलं. पोरं लोळून लोळून हसली, एवढ्यासाठी.

शनिवारी सकाळी हेमांगीच्या घराच्या फाटकासमोर एक गाडी थांबली. बालवाडीच्या मुलांची मोठी भावंडं तिच्यात बसली होती, दहा-बाराजण, सोबत तीन-चार आया. सगळे चित्रपटालाच निघाले होते. रस्त्यात आडवी होऊन नसीम मुकादमने गाडी अडवली होती. हेमांगी ओट्यावर आलेली दिसताच ती तडक ओट्याखाली आली.

"यांना सांगतेय मी, जाऊ नका," ती हेमांगीला म्हणाली. "तर मला तुमचा पेपर दाखवतात. आता तुम्हीच सांगा. यांच्यासमोर सांगा. माझी अलिना खोटं बोलते?"

गाडीच्या खिडक्यांतून मुलं बघत होती. एका पोराने कागदाची तलवार केली होती. ती हवेत तशीच थांबली होती. आयांच्या चेहऱ्यावर शंका उमटली होती, आणि आई शंकेने बसली की तिच्या मांडीला टेकलेलं मूल कसं बसतं, ते हेमांगीने वाळिंब्यांच्या कागदांवर पाहिलं होतं.

आत नेऊन नसीमला सगळं सांगावं, असं तिला क्षणभर वाटलं. पण मग नसीम गप्प बसली असती का? शेजारणीचं मूल त्या खुर्चीकडे जाताना बघून ती गप्प राहिली असती का? हेमांगी स्वतः तरी कुठे राहिली होती?

"कुणी घेतलं विकत तुम्हाला?" नसीम म्हणाली. "बोला ना. पोर माझी अजून बादलीला हात लावत नाही. तिला दिसलं ते तुम्ही बघितलंय. मला तुम्ही स्वतः सांगितलंत, बघितलंय म्हणून."

हेमांगीला संताप आला. समोरच्या बाईचा नव्हे, टेकडीवरच्या त्या यंत्राचा, पाठ थोपटणाऱ्या मालकांचा, चहाची वाट बघणाऱ्या तिघांचा आणि स्वतःचा. ती ओट्याच्या पायऱ्या उतरली. नसीमच्या डोळ्यांकडे न बघता गाडीपाशी गेली, आणि कागदी तलवारवाल्या पोराकडे बघून तिने तोंडभर हसून दाखवलं.

"फार मजेशीर आहे," ती म्हणाली. "त्याची विजार फाटते ना, तेव्हा नीट बघ हं."