खोडलेलं उत्तर

“मनगट दुखतंय माझं. लग्न झालंय की नाही, याचा त्याच्याशी काय संबंध?”

काउंटरच्या पलीकडून प्रश्न आला, तशी तिने मान वर केली. उजवा हात गळ्यात बांधलेल्या झोळीत, डाव्या हातात पेन आणि फॉर्मवर नुसते कोंबडीचे पाय! सायकलवरून पडला होता बिचारा. पण तोरा बघा!

“पुढे चांदणी आहे ना? म्हणजे सक्तीचा प्रश्न,” ती म्हणाली.

“सक्ती केली की माणूस खरं सांगत नाही. सुटका करून घेतो.”

तिचा हात फाइलवर तसाच राहिला. हे वाक्य… हे तर तिने शंभरदा वाचलं होतं!

त्याचं असं, दिवसा ती मावशीच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात पेशंटचे फॉर्म भरून घ्यायची आणि संध्याकाळी हौसेपायी प्रश्नावल्यांचं एक वेब-साधन घडवणाऱ्या मंडळींत रमायची. साधन फुकट, कोड सगळ्यांना उघडा, ज्याला सुचेल त्याने सुधारावं. तिथे ती ‘चिमणी’; रंग, बटणं, मांडणी हे तिचं खातं. आणि तिच्या प्रत्येक सूचनेत खोट काढणारा एक होता, टोपणनाव ‘आजोबा’. सक्तीचं ते वाक्य त्याचंच! पुढच्या आवृत्तीत काय घ्यायचं, यावरून सहा महिने दोघांची जुंपली होती. तिच्या मनातल्या आजोबांना टक्कल होतं, नाकावर उतरलेला चष्मा होता. समोर मात्र कुरळे केस होते… आणि डोळे तर असे, की बघत राहावं.

“चिमणे, पुढचा पेशंट पाठव गं!” आतून मावशीने हाक मारली.

आता त्याने चमकून पाहिलं. “चिमणी? हिरव्या बटणासाठी तीन आठवडे भांडलेली?”

“आजोबा?”

“आणि तुमच्याच दवाखान्यात कागदी फॉर्म? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!”

“मावशीचा कागदावर विश्वास आहे,” ती लाजून म्हणाली आणि लग्नाचा रकाना तिने कोराच राहू दिला.

मावशीने त्याला दहा वेळा यायला सांगितलं. दुपारी चारला तो यायचा, शेकासाठी कोमट मेणात हात बुडवून बसायचा. मेणाचा वास, पडद्यातून गाळून येणारं पिवळं ऊन… आणि शेजारच्या बाकावर लॅपटॉप घेऊन ती. आवृत्तीची यादी एकेक करून सुटत गेली. किती प्रश्न उरले ते दाखवणारी पट्टी घेतली. ‘सांगायचं नाही’ हा पर्याय घेतला. बटण हिरवं झालं. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, ते मात्र कुणाच्याच यादीत नव्हतं.

अडलं एका मुद्द्यावर.

“परवा आपल्या साधनावर एका आजींनी पंधरा मिनिटं लिहिलं आणि लाइट गेली. सगळं पाण्यात!” ती म्हणाली. “माणूस लिहीत असतानाच साठवायला हवं.”

“लिहिलेलं साठव. पण तो जे खोडेल ते? खोडलेलं ते खोडलेलं, चिमणे. ते त्याचं एकट्याचं.”

“भित्रा आहेस.”

“आहे.” तो हसला. “चाचणीपुरतं दर दहा सेकंदांनी साठवतो, खोडलेलंसुद्धा. बघू कोण जिंकतं.”

नवव्या दिवशी दोघांनी चाचणीचा फॉर्म भरला. दहाव्या दिवशी दुपारी, तो यायच्या आधी, तिने उत्तरं उघडली. शेवटचा प्रश्न होता: आणखी काही सांगायचंय? त्याचं उत्तर: नाही. पण वरच्या ओळीत, दहा सेकंदांपूर्वीचं…

‘हो. मनगट केव्हाच बरं झालंय. तरी येतो. मेणासाठी नाही.’

वेडा! स्वतःच बांधलेल्या सापळ्यात स्वतःच अडकला होता. मग आनंदाच्या मागोमाग भीतीही आली. आज शेवटचा दिवस. गप्प बसावं, तर उद्यापासून तो पडद्यावरचं नुसतं टोपणनाव. सांगावं, तर त्याने जे जिवापाड जपायला सांगितलं तेच तिने वाचलं होतं. पुन्हा तिच्यासमोर तो मनातलं एक अक्षर तरी लिहील का?

चार वाजले. तो आला.

“मी तुझं खोडलेलं वाचलं,” ती एका दमात म्हणाली.

त्याचे कान लाल झाले. त्याने नजर खिडकीकडे वळवली.

“आवडलं नाही मला,” तो हळूच म्हणाला.

“मलाही नाही. तुझं बरोबर होतं, मी हरले. हे बघ.” तिने लॅपटॉप वळवला. यादीत तिच्या नावाने नोंद होती: ‘खोडलेलं साठवायचं नाही.’ “ती ओळ मी पुसून टाकली. आता ती कुठेच नाही. फक्त… मला पाठ झालीय.”

तेवढ्यात मावशी पडद्याआडून डोकावली. “अहो, तुमचं मनगट माझ्यापेक्षा ठणठणीत आहे! चार दिवस मी उगीच मेण वाया घालवतेय. सांगून टाका एकदाचं!”

दोघांनाही हसू आवरेना. मावशी पुन्हा आत गेली.

“माझा पहिल्या दिवशीचा फॉर्म आहे?” त्याने विचारलं.

तिने फाइलीतून काढून दिला. लग्नाचा रकाना अजून कोराच होता. त्याने उजव्या हातात पेन धरलं आणि गोल, नीट अक्षरांत लिहिलं: ‘नाही. पण फॉर्म भरून घेणारी आवडते. तिला मी आवडतो का?’

“खोडायचं असेल तर आत्ताच खोड,” ती कशीबशी म्हणाली.

“पेनने लिहिलंय.” त्याने फॉर्म तिच्याकडे सरकवला.

तिने प्रश्न पुन्हा वाचला. “पुढे चांदणी नाही काढलीस?”

“सक्ती केली की माणूस खरं सांगत नाही.”

तिने त्याच्या हातातलं पेन घेतलं, आधी स्वतःच प्रश्नापुढे चांदणी काढली… आणि मग उत्तर लिहिलं: ‘हो.’