वीस झाले की आई

पोराला भूल द्यायची असली की त्या बाई आपलं टेबल स्वतःच्या हाताने लावायच्या. सिस्टरला त्यात बोटही घालू द्यायच्या नाहीत. सगळ्यात लहान मास्क, त्याच्या शेजारी थोडा मोठा. करंगळीहून बारीक तीन नळ्या, कारण लहान पोराच्या श्वासनलिकेचं माप वरून कळत नाही; एक बसली नाही तर दुसरी हाताशी हवी. लाळ ओढायचं मशीन चालू करून नळीचं तोंड तळहाताला लावून बघायचं. आणि सगळ्यात शेवटी, उजव्या हाताला, एक भरलेली सिरिंज. घसा आवळला तर तो सैल करणारं औषध.

"मॅडम, माझ्या लग्नात माझीसुद्धा एवढी तयारी नव्हती हो," सिस्टर म्हणायची. सिस्टरच्या जिभेला हाड नव्हतं. बाई हसायच्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी हसल्या असत्या.

दोन वर्षांपूर्वी ती सिरिंज भरलेली नव्हती.

ठकूचे टॉन्सिल काढायचे होते. साडेचार वर्षांची, अंगात पिवळा फ्रॉक, तोंडाचा पट्टा सुरू. आई तिला कडेवर घेऊन ऑपरेशनच्या दारापर्यंत आली, तेव्हा ठकूने आईच्या कानाची पाळी चिमटीत घट्ट धरली होती. "सवयच आहे मेलीला. पाळी धरल्याशिवाय डोळा लागत नाही," आई ओशाळून म्हणाली. मग हळूच म्हणाली, "डॉक्टर, मागच्या आठवड्यात सर्दी होती हं तिला."

"आता आहे का?"

"आता नाही."

"मग झालं तर."

सर्दी गेली तरी पोराचा घसा पुढे दोन-तीन आठवडे चिडका राहतो, हे बाईंना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण त्या दिवशी यादीत अजून सहा जण होते आणि सर्जन घड्याळाकडे बघत होते.

पोरांना मास्कची भीती वाटते. त्यावर बाईंची एक युक्ती होती. मास्क तोंडावर धरायचा आणि म्हणायचं, "विसापर्यंत मोज बघू. वीस झाले की आई." दहाच्या पुढे कधी कुठलं पोर गेलंच नव्हतं. ठकू सहावर थांबली.

ऑपरेशन छान झालं. घात झाला तो नंतर. घशातली नळी एक तर पोर गाढ झोपेत असताना काढावी, नाहीतर पुरतं जागं झाल्यावर. बाईंनी ती घाईत काढली, धड झोप नाही आणि धड जाग नाही अशा वेळी. ठकूचा घसा आतून कडी लावल्यासारखा बंद झाला. छाती वरखाली होत होती, पण वारा आत जात नव्हता. मॉनिटरचा सूर एकेक पायरी खाली उतरायला लागला. औषध शेजारच्या खोलीत, फ्रिजमध्ये. वॉर्डातल्या मावशी धावल्या, चुकीची बाटली घेऊन आल्या, परत धावल्या.

तेवढा वेळ पुरला.

चौकशी झाली. कधीतरी असं होतं, कुणाचा दोष नाही, असं कागदावर आलं. बाई चार महिने घरी बसल्या आणि मग, दुसरं काहीच येत नव्हतं म्हणून, कामावर परत आल्या.

आल्यावर पहिलं पोर हर्नियाचं होतं. मोजणी बाईंनी तेव्हापासून बंदच केली होती. मास्क धरताना त्या सशाची गोष्ट सांगायच्या. सगळं नीट झालं. जागं होताना पोराने डोळे न उघडताच म्हटलं, "सात."

"आकडे शिकतोय वाटतं," सिस्टर म्हणाली.

पुढच्या महिन्यात हात मोडलेली एक मुलगी आली. उठताना म्हणाली, "आठ." त्याच्या पुढचं पोर, "नऊ." बाईंनी मनाशी म्हटलं, योगायोग. शिकलेल्या माणसाला हा शब्द फार उपयोगी पडतो. अकरापर्यंत तो पुरला.

'बारा' म्हणणारं बाळ दीड वर्षाचं होतं. फाटलेला ओठ शिवून झाला होता. ते "बारा" असं इतकं स्वच्छ म्हणालं की मावशींच्या हातातली वाटी पडली. बाहेर त्याच्या आईला बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बोलतो का काही?" ती म्हणाली, "कुठलं हो! अजून 'बाबा'सुद्धा म्हणत नाही."

त्या दिवसापासून सिस्टरने लग्नाचा विनोद सोडून दिला.

आवाज त्या त्या पोराचाच असायचा. पण आकडा म्हणण्याआधी प्रत्येक पोर एक श्वास घ्यायचं, लांब, घशातून घासून निघणारा. बाई पोरांच्या छातीवर जुन्या पद्धतीची एका कानाची नळी चिकटवून ठेवायच्या आणि सगळं ऑपरेशनभर श्वास ऐकत बसायच्या. हा श्वास त्यांच्या ओळखीचा होता. तो आत जायला धडपडणारा श्वास होता.

एकोणीस झाले तेव्हा बाईंनी पाठदुखीचं निमित्त काढलं आणि लहान पोरं घ्यायची नाहीत म्हणून सांगून टाकलं. आठ दिवस सुखाचे गेले.

नवव्या दिवशी, भर दुपारी, ठकूची आई आली. तिच्या कडेवर ठकूची धाकटी बहीण होती, आता चार वर्षांची. पोरीच्या श्वासाला शिट्टी येत होती आणि ओठांचा रंग उतरला होता.

"मणी," आई म्हणाली. "खेळता खेळता नाकातोंडात गेला."

घशाच्या डॉक्टरांनी फोटो बघितला. मणी उजव्या फुप्फुसाच्या वाटेवर अडकला होता. दुसरं हॉस्पिटल चार तासांवर. "मणी वर सरकून श्वासनलिकेत अडकला तर वाटेतच संपेल. आत्ताच काढायचा," ते म्हणाले.

बाई दोन पावलं मागे सरकल्या. "दुसऱ्या कुणाला तरी बोलवा. मी नको."

तेव्हा आई पुढे आली. तिने आवाज चढवला नाही, रडलीही नाही. "तुम्हीच द्या भूल," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या हातून काय चुकेल ते मला ठाऊक नाही. तुमचं काय चुकलं ते तुम्हाला ठाऊक आहे. आता ही एकच आहे हो माझी."

बाईंनी टेबल लावलं. सिरिंज भरली, पुन्हा तपासली, उजव्या हाताला ठेवली.

पोरगी आडवी होईना. बाईंनी तिला मांडीत बसवलं, छातीवर नळी चिकटवली, मास्क हळूच जवळ आणला. ती अंग आक्रसून रडायला लागली. रडून मणी हलला असता तर सगळंच संपलं असतं. सशाची गोष्ट बाईंना ऐन वेळी आठवेना. तोंडातून जे निसटलं ते पंधरा वर्षांच्या सवयीचं होतं.

"मोज बघू राणी विसापर्यंत. वीस झाले की आई."

सिस्टरने झटकन वर पाहिलं. शब्द निघून गेले होते.

"एक," पोरगी हुंदका गिळून म्हणाली. "दोन. तीन. चार."

मान कलंडली. डॉक्टरांनी दुर्बिणीची नळी आत घातली, चिमटा लांबवला. सहा मिनिटांनी पिवळा मणी ताटलीत टणकन वाजला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. नळी बाहेर आली.

आणि घसा बंद झाला.

कानातला श्वास तुटला. छाती उचलत होती, वारा नाही. मॉनिटरचा सूर एक पायरी उतरला. दुसरी.

या वेळी सिरिंज हातात होती. बाईंनी औषध दिलं, मास्क दाबून धरला आणि वाट पाहिली.

कानात काहीच नव्हतं.

मग श्वास आला. लांब, घासून निघणारा.

बाई या वेळी घाई करणार नव्हत्या. पाऊण तास त्या तशाच बसून राहिल्या. पोरीने डोळे उघडले, खोलीभर फिरवले, बाईंवर स्थिर केले.

"वीस," ती म्हणाली. "आई कुठाय?"

आईला आत बोलावलं. तिने धावत येऊन पोरीला छातीशी धरलं, बाईंचे हात धरले, काहीबाही बोलत सुटली. "वाचवलंत हो, वाचवलंत." पोरीने डोकं तिच्या खांद्यावर टेकलं. हात वर नेला, चाचपडत कानाची पाळी शोधली आणि चिमटीत घट्ट धरली.

आई बोलायची थांबली.

"किती वेळ लावलास गं," पोरगी पुटपुटली आणि झोपली.

आईचा हात पोरीच्या पाठीवरून आपोआप फिरत होता. तो काढून घेणं तिला जमत नव्हतं.

"डॉक्टर," ती शेवटी म्हणाली, "धाकटी पाळी धरत नाही. कधीच धरली नाही." मग अगदी हळू, कुणी ऐकू नये तसं, "मग माझी धाकटी?"

दुसऱ्या दिवशी आई पोरीला घेऊन घरी गेली. कागदावर सही करताना पोरीचं नाव काय लिहायचं यापाशी तिचा हात अडला होता.

पुढच्या आठवड्यात बाईंनी लहान पोरं पुन्हा घ्यायला सुरुवात केली. यादीवर दोन होती. पहिलं तीन वर्षांचं, हर्नियाचं. बाईंनी गोष्ट सांगितली, एक शब्दही जास्त बोलल्या नाहीत. जागं होताना पोराने लांब श्वास घेतला.

"पाच," ते म्हणालं.

सिस्टर दाराशी उभी होती. काचेतून बाहेरचा बाक दिसत होता. आकड्यांचं सगळं सिस्टरकडून कळलेली ठकूची आई एकटीच येऊन बसली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. पलीकडे दुसऱ्या एका बाईच्या मांडीवर पुढचं पोर खेळत होतं.

धाकटी चारवर थांबली होती. बाईंना हिशोब करावा लागला नाही. मधे चौदा पोरं. मग एक, जे वीस म्हणेल, आणि ज्याची आई धावत आत येईल.

"मॅडम," सिस्टरने विचारलं, "ह्या पोराला परत पाठवू का?"

बाईंनी बाकाकडे पाहिलं. मग नवी सिरिंज फोडली आणि भरायला घेतली.

"आणा आत," त्या म्हणाल्या.