डावं दार

मघाशी तुम्ही तुमचं हेल्मेट त्या डाव्या सीटवर ठेवलंत आणि मी काही न बोलता ते उचलून बाकावर ठेवलं. राग आला असेल तर समजू शकतो. अंबडच्या या वर्कशॉपात लाइट गेली की लवकर येत नाही. या इमर्जन्सी दिव्यात काम व्हायचं नाही, गोष्ट मात्र होईल. बसा.

ही गाडी एकोणीसशे बावन्नची. एमजी म्हटलं की हल्ली लोक विचारतात, इलेक्ट्रिक आहे का? मी म्हणतो, पंप इलेक्ट्रिक आहे. दोन सीट, कापडी छत, दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला, त्यामुळे दार उलटं उघडतं. माझा धंदा लेथवर लोकांचे पार्ट काढून द्यायचा. असल्या गाडीचा एखादा बुश बाजारात मिळत नाही, तो आपणच काढायचा, आणि यात मला जो आनंद होतो तो माझ्या बायकोला, ज्योत्स्नाला, अजून कळलेला नाही. हौसेला मोल नाही असं मी तिला सांगतो. ती म्हणते, वेळेला तरी आहे का?

गाडी देवळाली कॅम्पच्या एका डॉक्टरांची. ते गेल्यावर त्यांच्या पत्नीने, ललिताकाकूंनी, ती विकायला काढली. मी घ्यायला गेलो तेव्हा काकूंनी स्वतः बाहेर येऊन दाखवलं. आधी डावं दार उघडायचं, जोरात लावायचं, मग वळसा घालून उजवीकडून बसायचं आणि किल्ली फिरवायची. परत आल्यावर पुन्हा तेच. फाटकाबाहेर थांबायचं, डावं दार उघडायचं, लावायचं, मग गाडी आत घ्यायची.

"त्याशिवाय चालू होत नाही का?" मी विचारलं.

"डॉक्टर असंच करायचे," एवढंच त्या म्हणाल्या.

कारण मला तिथेच कळलं होतं. पेट्रोलचा पंप बोनेटखाली, इंजिन आणि सीट यांच्या मधल्या पत्र्यावर बसवलेला असतो. किल्ली फिरवली की तो टिकटिक करतो, कार्ब्युरेटर भरले की गप्प बसतो. पंपातले विजेचे पॉइंट झिजले की तो अडकतो आणि त्याला धक्का द्यावा लागतो. डॉक्टरांनी पॉइंट बदलायच्या ऐवजी आयुष्यभर दार आपटलं. परतल्यावरचं आपटणं ही म्हाताऱ्या माणसाची सवय असणार, असं मी धरून चाललो.

पावसाळाभर गाडी इथेच उघडून ठेवली होती. पंपाचे पॉइंट साफ केले, स्प्रिंगचे पाटे काढून पुन्हा बसवले, दोन्ही कार्ब्युरेटर जुळवले. ते जुळवायची रीत मजेची असते. रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, आणि दोन्हीकडचा हवा ओढण्याचा आवाज सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवत राहायचं. दसऱ्याच्या आधी गाडी किल्लीच्या एका झटक्यात चालू झाली. दार आपटायची गरज उरली नाही.

आता आमच्या घरचं सांगतो. वडील मखमलाबादला झेंडू लावायचे. ते गेल्यावर आईला, मालनबाईंना, मी इंदिरानगरच्या बंगल्यात आणलं. मी इथे, ज्योत्स्ना शाळेत, आणि आई दिवसभर व्हरांड्यातल्या खुर्चीत. शेतात चार बायांच्या मधे बसून गजरे करणारी बाई ती. एकदा मला म्हणाली, "महेश, इथं सगळं लय चांगलं हाय रे. बोलायला नाय कोणी." मी तिला मोठा टीव्ही आणून दिला. त्या गोष्टीची मला अजून लाज वाटते.

दसऱ्याला सकाळी आईने स्वतःच्या हाताने झेंडूची माळ ओवून गाडीला घातली. मग मी सीमोल्लंघनाला एकटाच निघालो. दिंडोरी मागे टाकून वणीच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूला द्राक्षांच्या छाटणीची गडबड, छत उतरवलेलं, पुढची काच आडवी पाडलेली. वणीच्या अलीकडे एक चढ आहे. तो दुसऱ्या गिअरमधे चढवला तसा पाण्याचा काटा वर सरकायला लागला. चढ संपतो तिथे रस्त्याखाली पाण्याची एक मोरी आहे, बाजूला आपट्याचं झाड. जुनी गाडी घेऊन येणारा कुणीही तिथेच थांबेल. मी थांबलो, बोनेट उघडलं, रेडिएटर निवू दिला, पाणी टाकलं. आपट्याची एक डहाळी तोडून घेतली. भर दुपार होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

परतीच्या वाटेवर एक गोष्ट लक्षात आली. उघड्या गाडीत दोन्ही कानांना वारा बडवत असतो, घरी पोचेपर्यंत डोकं भणभणतं. येताना मात्र माझ्या डाव्या कानाला वारा लागत नव्हता. शेजारी कुणी बसलं की असं होतं. मी म्हटलं, वारा पडला असेल.

फाटक उघडंच होतं. सरळ गाडी आत घेतली. आई ताट घेऊन पायरीवर उभी होती. तिने चाकांवर पाणी ओतलं, मला ओवाळलं, मी तिच्या हातात सोनं दिलं. मग ती गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेली आणि रिकाम्या सीटसमोर ताट फिरवलं. कुंकवाचं बोट हवेत एका जागी टेकवलं.

"या बाई," ती म्हणाली. "उन्हाचं आलात. उतरा, घरात या."

आणि तिने ते डावं दार उघडलं.

आईला मोतीबिंदू होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला दिवाळीनंतरची तारीख दिलेली होती. मी हसलो आणि गाडी शेडमधे लावली. तिथे गाडी अगदी सरळ उभी राहिली, डावीकडे कसलाच भार नसल्यासारखी.

दुसऱ्या दिवसापासून ज्योत्स्नाला संध्याकाळी ओट्यावर दोन कप सापडायला लागले. एक प्यायलेला, एक भरलेला, वर साय धरलेली. आईला विचारलं तर म्हणाली, "पाव्हणी हाय ना."

"कोण पाहुणी?"

"बोलत नाय फार. पण ऐकून घेती बिचारी."

आई आनंदात होती हे मला नाकारता येत नाही. शेतातल्या गोष्टी, वडिलांच्या तऱ्हा, मखमलाबादच्या बायकांची भांडणं, सगळं ती व्हरांड्यात बसून सांगत असायची. मात्र ती वाळत चालली. जेवण तेवढंच, झोप शांत, तपासण्या सगळ्या ठीक, आणि तिला धरून उठवताना हाताला काही लागायचंच नाही. भरली परडी उचलावी आणि ती रिकामी निघावी, तसं. घरात एक वास येऊ लागला. तो माझ्या ओळखीचा होता. तापलेल्या रेडिएटरचं झाकण काढलं की गंजक्या पाण्याची वाफ येते, तिचा वास. गाडी शेडमधे थंड पडलेली असायची आणि वास दिवाणखान्यात…

मी देवळालीला गेलो. काकूंना सगळं सांगितलं.

"मोरीपाशी थांबलात?" शेवटी त्या म्हणाल्या. "पाणी टाकायला डॉक्टरही तिथेच थांबायचे. ती तिथूनच बसते."

"कोण ती?"

"मला नाही माहीत. डॉक्टरांनाही नव्हतं. फाटकाबाहेर दार उघडलं की उतरून जायची, एवढं खरं. एका दसऱ्याला घरात पाहुणे होते, त्या गडबडीत डॉक्टर दार उघडायला विसरले. गाडी सरळ आत आली." त्यांनी पदर सारखा केला. "सासूबाईंनी ती दिवाळी नाही पाहिली."

"काकू, हे आधी सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर गाडी नेली असतीत? मला ती गाडी दारातून जायला हवी होती, महेश." त्या रडल्या नाहीत, मीही चिडलो नाही. चिडायला सवड नव्हती. "उद्याच घेऊन जा तिला. घरून निघताना डावं दार उघडा, मोरीपाशी पुन्हा उघडा. पण लगेच लावा. उघडं ठेवू नका."

"ठेवलं तर?"

"डॉक्टर लगेच लावायचे," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ज्योत्स्ना शाळेत गेल्यावर मी गाडी काढून व्हरांड्यासमोर उभी केली. आई खुर्चीत बसली होती, समोर दोन कप. मी डावं दार उघडलं. काय म्हणायचं ते कळेना. शेवटी आपण कुणालाही म्हणतो तेच म्हणालो, "चला, सोडतो तुम्हाला."

काहीच दिसलं नाही. गाडी मात्र डाव्या अंगाला किंचित बसली. ते पाटे मी स्वतः बसवलेले, त्यांचं दबणं मला कळतं.

मी दार लावायला हात घातला आणि सवयीने आधी आत वाकून किल्ली फिरवली, पंप बोलतो का ते ऐकायला. पंप बोलला नाही. आता हे तुम्हाला पटेल, कारण तुम्हीही हेच काम करता. यंत्र बंद पडलं की आपल्याला दुसरं काही सुचत नाही. मी बोनेट उचललं, पंपाचं झाकण काढलं, पॉइंटमधून कागद फिरवला, पान्याच्या दांड्याने टकटक केलं. ज्या दाराच्या नुसत्या आपटण्याने तो पंप चालू झाला असता, ते दार माझ्या मागे उघडं होतं. काखेत कळसा म्हणतात ना, तसं. मागून आईचा आवाज आला, हळू, नेहमीपेक्षा जवळून.

"…सरका थोडं, बाई."

आई रोजच तिच्याशी बोलायची. मी वर पाहिलं नाही. पंप टिकटिकला, मी बोनेट पाडलं, दार लावलं आणि निघालो. फाटकातून वळताना आरशात व्हरांड्याकडे पाहिलं. आई खुर्चीतच होती.

गाडी जड चालत होती. वणीचा चढ पहिल्या गिअरवर आणावा लागला. डाव्या कानाला वारा नव्हताच. दोन-तीनदा शेजारून झेंडूचा वास आला, आणि मी स्वतःला सांगितलं की दसऱ्याच्या माळेचा असेल. माळ मी कधीच काढून टाकली होती.

मोरीपाशी डावं दार उघडलं. गाडी वर उचलली गेली. थोडी थांबून पुन्हा उचलली गेली. मी लगेच दार लावलं, जसं सांगितलं होतं तसं, आणि सुटलो एकदाचे म्हणून खरोखर हसलो. परत येताना दोन्ही कानांना वारा बडवत होता.

आई खुर्चीतच होती. हात थंड होते, तोंडावर समाधान होतं. आमच्या गल्लीतले डॉक्टर येऊन म्हणाले, हृदय थांबलं, त्रास झाला नसावा. त्या दिवशी दोन्ही कप रिकामे होते.

तेराव्याला दान करायला आईच्या चपला शोधल्या. घरभर शोधल्या, कुठे मिळाल्या नाहीत. त्या गाडीत होत्या. डाव्या सीटच्या पायाशी, एका बाजूला सरकवून ठेवलेल्या. दाटीवाटीने बसलेलं माणूस ठेवतं तशा.

या गोष्टीला वर्ष होत आलं. गाडी मी विकली नाही. मोरीकडे गेलो नाही, आणि डाव्या सीटवर काही ठेवूही देत नाही. उद्या दसरा. उद्या मी तिथे जाणार आहे. रेडिएटरमधे पाणी टाकीन, जरा वेळ थांबीन, आणि येताना फाटकाबाहेर दार न उघडता गाडी सरळ आत घेईन. ज्योत्स्नाला सांगून ठेवलंय की ताट तयार ठेव, डाव्या बाजूलाही ओवाळ, आणि 'आई, घरात या' असं म्हण. तिने मला वेड्यात काढलं नाही. मला तेच हवं होतं, मला माझी आई परत घरात हवी आहे.

काल रात्री झाडू मारता मारता ज्योत्स्ना मधेच थांबली. शेडकडे बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "आई एकट्याच येतील ना?"

मी पंपाचे पॉइंट साफ करत होतो. ते काम मी पुरं केलं.