तेलाचा अंगठा

या, जरा आत सरका, दाराशी बसू नका. ही गोष्ट ऐकीव नाही. भिंतीपलीकडच्या आमच्या स्कॅनवाल्याची आहे. भिंत पातळ आहे, तो बायकोला सांगतो ते कळतं, मी काही कान लावून बसत नाही.

गेल्या महिन्यातल्या शेवटच्या शनिवारची रात्र. ग्रंथालयात जुन्या घरांतून आलेल्या स्वयंपाकाच्या वह्या आहेत. अभ्यासकांना घरबसल्या पाहता याव्यात म्हणून त्यांचं पान न् पान कॅमेऱ्याखाली धरायचं, हे त्याचं काम. शेवटची वही सकाळपर्यंत पोचली नाही तर कंत्राट दुसऱ्याला. आणि तपासणाऱ्या मॅडम तिचं एकच पान सारखं परत पाठवत होत्या.

"कोपऱ्यात डाग आहे," फोनवर त्या म्हणाल्या.

"मॅडम, तो पानावरच आहे. तेलाचा. वही ओट्यावर वाढलीय, कपाटात नाही."

"मला कारणं नकोत. स्वच्छ पान हवं."

तेवढ्यात बायकोचा फोन. "येताय, की अंथरूण तिकडेच पाठवू?"

"एक डाग जात नाहीये गं."

"तुमच्या सदऱ्याचे मी रोज घालवते. तुम्हाला कागदाचा एक जमेना?"

झालं, डोकं फिरलं. वहीला खोडरबर लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवलेलं. त्याने लावला. चांगला घासला. डाग गेला. फोटो पाठवला.

परत आला. "आता तुमचा अंगठा आलाय."

त्याच्या हातात पांढरे सुती मोजे होते. फोटोतला अंगठा उघडा. बाईचा वाटावा असा, नखाशी भाजल्याची जुनी खूण. जिथे डाग होता, नेमका तिथेच टेकलेला.

"काय कटकट आहे," म्हणत त्याने हात पाठीमागे बांधले आणि पायाने बटण दाबलं.

अंगठा होताच.

पुन्हा दाबलं. आता पानाखालून बोटंही दिसली. वही आपल्याकडे ओढावी, तशी.

त्याने टेबलाकडे पाहिलं. कुणी नाही. फक्त वही... वीतभर पलीकडे.

खोलीत चूल नाही, शेगडी नाही. तरी कढत्या तेलाचा वास.

"चुकलं माझं," तो हळूच म्हणाला. "तुमचं होतं ते."

...

कॅमेरा वाजला. त्याचा पाय बटणावर नव्हता.

फोटोत अंगठा नाही. डाग आहे. जागच्या जागी.

तोच त्याने पाठवला. खाली लिहिलं, डाग राहणार. सकाळी कंत्राट गेलं. बायको दोन दिवस बोलली नाही, मग एवढंच म्हणाली, "बरं केलंत."

त्या रात्रीचे मोजे तिने धुतले. उजव्या अंगठ्यावर तेलाचा डाग, तोही आतल्या बाजूने. तीनदा उकळले. परवा दोरीवर होते, मी सहज हात लावून पाहिला.

मोजा वाळून कडक झालेला.

डाग ओला होता. आणि कोमट.