कपाटामागची भिंत

२०७८ साली एखाद्या गावाला पूल हवा असला तर सरकार नदी नंतर पाही, आधी गावाच्या भिंती पाही. नदी काय, असते तिथेच असते. गाव मात्र उठून जातं. पूल बांधून होईपर्यंत गावच उठलं तर त्या पुलाचं करायचं काय, हा प्रश्न वरच्या मंडळींना फार वर्षं छळत होता. पूर्वी माणसं मोजून पाहिली. पण मोजणीच्या दिवशी गावं लेकीजावयांना बोलावून आकडा भरू लागली. भिंत काही पाहुणी म्हणून बोलावता येत नाही, म्हणून शेवटी भिंतीवर विश्वास ठेवायचं ठरलं.

हा विश्वास डॉ. ऋजुता केळुसकर यांनी मिळवून दिला होता. बाई मूळच्या उत्खननाच्या. आपला देश म्हणजे उठलेल्या वस्त्यांचं आगर. कुठेही हातभर खणा, कोणाची तरी चूल लागते. सिंधूच्या खोऱ्यातली विटांची शहरं, प्रवरेच्या काठावरची कुडाची घरं, विदर्भात दगडांची वर्तुळं मांडणाऱ्यांची गावं, घाटवाटांवरची व्यापारी नगरं. शाळेत शिकवतात की अमकं दुष्काळानं गेलं, तमकं पुरानं, तिसरं लढाईत. ऋजुताबाईंनी कारणांच्या वाटेला न जाता नुसत्या जमिनी वाचल्या.

मातीची जमीन सारवली की एक पापुद्रा चढतो. पुढच्या सणाला दुसरा. पन्नास वर्षं नांदत्या घरात असे शेकडो पापुद्रे एकावर एक बसतात, कांद्यासारखे. बाईंनी बनवलेलं थरवाचक नावाचं यंत्र, दिसायला पाटीएवढं, जमिनीला किंवा भिंतीला टेकवलं की प्रत्येक पापुद्रा कधी चढला, किती जाड आहे हे सांगे, आणि विचारलं तर तो कुठल्या हातानं फिरवला तेही. देशभरातल्या चार हजारांहून अधिक पडक्या वस्त्या वाचल्यावर बाईंना एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसली. वस्ती विटांची असो की कुडाची, देव कुठलेही असोत, ती उठण्याच्या साधारण वीस वर्षं आधी पापुद्रे विरळ व्हायला लागत. दुष्काळ, पूर, लढाई मागाहून येई.

याचा अर्थ बाई व्याख्यानांत अगदी सोप्या शब्दांत सांगत. "माणूस घराची डागडुजी स्वतःसाठी कमी आणि आपल्यामागून तिथे राहणाऱ्यांसाठी जास्त करतो. मागून कोणी राहणार नाही असं मनानं घेतलं की हात आखडतो." या आखडण्याचं माप म्हणजे उमेदमान. शून्य ते शंभर. पन्नासच्या वर असलेल्या गावाला पूल, शाळा, पाणी. खाली असलेल्याला नमस्कार.

एक पळवाटही बाईंनी आधीच बुजवून ठेवली होती. दोनशे बारा वस्त्यांमध्ये अगदी शेवटी, सारवण जवळजवळ थांबल्यावर, एकाएकी पुन्हा दाट, ताजे पापुद्रे दिसत. मात्र ते रांजणाखाली, जात्याखाली गेलेले नसत. वस्तू जागच्या जागी ठेवून भोवतीनं सारवलेलं असे. बाईंनी त्यांना 'देखाव्याचे थर' म्हटलं. बुडत्या घराचा उंबरठा लोक जास्तच चकचकीत ठेवतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्या निबंधाला मोठा सन्मान मिळाला आणि नियम झाला: वस्तू न हलवता केलेलं काम आढळल्यास ते आकड्यातून वजा करावं.

वेढे बुद्रुकला बाई स्वतः आल्या, कारण तिथला आकडा त्यांना चमत्कारिक वाटला होता. आठ वर्षांपूर्वी आकाशातून घेतलेल्या अंदाजात हे गाव पस्तिसावर होतं. आता ग्रामपंचायतीनं फेरतपासणी मागितली होती. गावाला तिन्ही बाजूंनी नदीचा वेढा, चौथ्या बाजूला डोंगर. पावसाळ्यात चार महिने होडी. होडीवाला पलीकडच्या गावचा. त्यानं बाईंना उतरवलं आणि दुपारी चारला येतो म्हणून निघून गेला.

काठावर सरपंच उभ्या होत्या. स्नेहल गव्हाणे, वय एकोणसत्तर. स्नेहल हे नाव आता आज्यांचंच राहिलं होतं. उंचीनं बेताच्या, कोपरापर्यंत रंगाचे शिंतोडे, आणि बोलणं थांबता थांबत नाही.

"या मॅडम. चिखल हाय, जपून. पूल असता तर गाडी दारात आली असती बघा तुमची."

"गाव शांत आहे हो."

"लग्नाला गेल्यात समदे, पलीकडं. भावकीच सगळी एक, कोण थांबणार मागं? दोन म्हातारे हायेत, ते कानानं गेलेत. तुमचं काम भिंतीशी ना? भिंती कुठं जात न्हाईत."

भिंती खरोखर पाहण्यासारख्या होत्या. त्रेचाळीस घरं, सगळी फिक्या पिवळ्या रंगात, जोत्यांचे निखळलेले दगड पुन्हा बसवलेले, पन्हळी नीट केलेल्या. बाईंनी घरामागून घर बाहेरून यंत्र टेकवलं. सहा वर्षं, दर वर्षाला नवा थर. एकच गोष्ट त्यांना वेगळी वाटली. प्रत्येक भिंतीवर रंग वळचणीच्या हातभर खाली थांबला होता, साऱ्या गावात एकाच रेषेत.

"वरचा पट्टा सोडायची पद्धत आहे का इथं?" बाईंनी टिपणवहीत लिहिता लिहिता विचारलं.

"हां, तसंच काहीतरी," सरपंच म्हणाल्या आणि घाईनं पुढच्या घराकडे वळल्या.

दोन वाजता आकडा तयार झाला. चोपन्न.

स्नेहलबाईंनी तो यंत्रावर स्वतः वाचला आणि मटकन ओट्यावर बसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसतही होत्या. "झालं. झालं बाई एकदाचं. आमच्या ह्यांना पान लागलं, साप चावला, तवा नदीला पूर. चार तास काठावर मांडीवर घेऊन बसले मी. पलीकडं गाडी उभी, दिवे दिसत हुते तिचे. आता तसं कुणाचं व्हणार न्हाई. आणि किरण म्हणलाय, पूल झाला की येतो. लेकरं घेऊन येतो. त्याची खोली केलीय मी, चला, दाखवते."

किरण म्हणजे त्यांचा मुलगा, सुरतेला असतो. खोली लख्ख होती. खिडकीला पडदे, पलंगावर घडी न मोडलेली चादर. ऋजुताबाई कौतुकानं पाहत असताना त्यांची पेन्सिल खाली पडली आणि घरंगळत लोखंडी कपाटाखाली गेली. त्या वाकल्या. कपाट आणि भिंत यांच्यातल्या फटीतून त्यांना मागची भिंत दिसली. तिथे जुना निळा रंग होता, पोपडे धरलेला. नवा पिवळा रंग कपाटाच्या कडेला येऊन थांबला होता.

बाई उठून शेजारच्या खोलीत गेल्या. तिथे धान्याची कोठी. तिच्या भोवतीनं रंग, मागे नाही.

"स्नेहलताई, बाकीच्या घरांतही असंच आहे का?"

"कसं?"

"सामान न हलवता रंगवलंय."

"सामान तसंच हाय लोकांचं," स्नेहलताई सावधपणे म्हणाल्या. "का वो?"

बाईंना हे सांगणं जिवावर आलं, पण आडपडदा त्यांना जमत नसे. त्यांनी देखाव्याच्या थरांचा नियम समजावला. ते थर वजा केले तर आकडा एकतीस होतो, हेही सांगितलं. "लोक दाखवण्यापुरतं रंगवतात, तेव्हा कपाटामागे रंगवत नाहीत. तीन हजार वर्षांपूर्वीही असंच करायचे. मी दोनशे बारा ठिकाणी पाहिलंय. हा नियम माझाच आहे, ताई. मला दुसरं काही लिहिता येणार नाही."

स्नेहलताईंचा चेहरा आधी पडला आणि मग तापला.

"देखावा? अवो मॅडम, कपाट हालवायला दोन माणसं लागत्यात!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? एका बाजूनं मी धरते, दुसऱ्या बाजूनं कोण धरणार? हे म्हातारे? त्यातल्या एकाला उठायला मीच लागते." त्यांनी दारामागची फळी ओढून दाखवली. खिळ्यांना चाळीस किल्ल्या लटकत होत्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिंधी. "लग्न न्हाई, काय न्हाई. ही घरं बंद हायेत. कुणी सा वर्सं, कुणी दहा. जाताना किल्ली माझ्याकडं देऊन गेले, म्हणले, लक्ष ठेव. ठेवलं. दिवाळी झाली की शेवटच्या घरापास्नं सुरू करते, पुढच्या दिवाळीला हितं येते. स्टुलावर उभं राहून जिथवर हात पुरतो तिथवर. वर पट्टा सोडायची पद्धत म्हणं!"

ऋजुताबाई परत किरणच्या खोलीत येऊन पलंगावर बसल्या. एकाच हाताची अशी खूण त्यांनी याआधीही पाहिली होती. प्रवरेकाठच्या एका वस्तीत, शेवटच्या थरांमध्ये, अठरा घरांतल्या सारवणावर एकाच पंजाची बोटं उमटलेली होती. तशीच दुसऱ्या वस्तीत, तिसऱ्या वस्तीत. दोनशे बारा ठिकाणी. त्यांनी निबंधात लिहिलं होतं की अशा गावांत सारवणाचा धंदा करणारी एखादी कारागीर बाई असावी. कारागीर! गावात तेवढीच उरली होती म्हणून ती सारवत होती. रांजण हलवायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून भोवतीनं सारवत होती. आणि तीन हजार वर्षांनी एका विदुषीनं तिला ढोंगी ठरवून सन्मान घेतला. बाईंना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

लाजेच्या पाठोपाठ भीती आली. गेल्या नऊ वर्षांत नऊशेच्या वर गावं त्यांच्या यंत्रानं उत्तीर्ण केली होती. भिंती लख्ख, आकडे उत्तम. तिथे कपाटं कोणी हलवून पाहिली होती? त्यातल्या किती गावांत एकच माणूस रंगवत होतं? यंत्र थर मोजत होतं. हात किती, हे त्याला ओळखता येत होतं, पण कोणी विचारलंच नव्हतं.

"ताई," त्या शेवटी म्हणाल्या, "देखावा नाही हे मी लिहू शकते. पण मग का, तेही लिहावं लागेल. गावात एकच बाई काम करते असं लिहिलं तर पूल नाही मिळणार. तेव्हा तर नाहीच."

"मंग पूल न्हाई म्हणून कुणी येणार न्हाई, आणि कुणी येत न्हाई म्हणून पूल न्हाई."

"हो."

बाहेर नदीचा आवाज येत होता. स्नेहलताईंनी पदरानं तोंड पुसलं, कोपऱ्यातला रंगाचा डबा उचलून हलवून पाहिला आणि एकदम व्यवहारी आवाजात म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या. तुमची होडी चारला ना? हातासरशी ते कपाट तरी धरा तिकडनं. सा वर्सं डोळ्यांत सलतंय."

दोघींनी कपाट सरकवलं. ते फारसं जड नव्हतं. एकटीला झेपलं नसतं इतकंच. मागच्या निळ्या भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, किरणची उंची, वर्षावर्षानं चढत गेलेली. "ह्या ठेवू," स्नेहलताई म्हणाल्या. रेघांभोवतीनं दोघींनी रंग दिला. उंच भाग ऋजुताबाईंनी केला. छताखालचा पट्टाही त्यांनी भरून काढला, त्या एका खोलीतला.

रंगवता रंगवता त्या बोलल्या, कारण आता लपवण्यात अर्थ नव्हता. "त्या जुन्या वस्त्यांत सतरा ठिकाणी शेवटच्या थरात दुसऱ्या कोणाची तरी बोटं मिळाली होती. एकाच घरात, एकाच कोपऱ्यात. आणि तेवढ्या ठिकाणी रांजण हलवलेला होता, खालपर्यंत सारवण गेलं होतं. मला वाटलं, खोदणाऱ्या मजुरांचे हात लागले. मी ती नोंद खोडली."

"कोण असल ते?"

"माहीत नाही. कोणी वाटसरू. राजाचा माणूस. गाव बघायला आलेलं कोणीतरी."

"आणि मंग? त्याच्यानंतर कुणी आलं का त्या बायांकडं? ऱ्हायला?"

ऋजुताबाईंचा ब्रश थांबला. त्या थरांच्या वर काय असतं ते त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. वाऱ्यानं आणलेली धूळ, एक वीत, दोन विती.

"नाही," त्या म्हणाल्या.

स्नेहलताईंनी जरा विचार केला आणि ब्रश डब्यात बुडवला.

"त्यांच्याकडं पूल नव्हता ना, मॅडम."

चारला होडी आली. काठावर उभं राहून ऋजुताबाईंनी अहवाल उघडला. उमेदमान: चोपन्न. वजावट: निरंक. खाली शेऱ्याची जागा होती, नऊ वर्षांत तिथे कोणी काही लिहिलं नव्हतं. त्यांनी लिहिलं, 'रंगकाम करणाऱ्या व्यक्ती: एक'. मग त्यांनी आपल्या नखांत अडकलेला पिवळा रंग पाहिला, 'एक' खोडून 'दोन' लिहिलं आणि अहवाल पाठवून होडीत बसल्या.